डोक्याला मार: पन्नास वर्षांच्या संशोधनातून पेशंटच्या वाट्याला नक्की काय आलं?

अतिदक्ष

मंडळी, मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी आयसीयू बघतो. हायवेवरून आमच्याकडे येणाऱ्यांत डोक्याला मार लागलेलेच जास्त, आणि त्यातले बहुतेक तरणेताठे. गेले काही महिने रेसिडेंट मुलांच्या जर्नल क्लबमध्ये या विषयावरचे गाजलेले, जगभर उद्धृत झालेले शोधनिबंध आम्ही एकेक करून वाचले. वाचता वाचता माझं एक मत पक्कं झालं. या शाखेत माणसं वाचली ती नव्या औषधांमुळे कमी आणि ‘हे करू नका’ असं सांगणाऱ्या अभ्यासांमुळे जास्त. पण असे अभ्यास फारसे कोणाच्या तोंडी नसतात, म्हणून हा धागा.

गाजलेल्या निबंधांची यादी कोणीही केली तरी १९७४ सालचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला एक निबंध त्यात अगदी वर असतोच. ग्लासगोचे ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी बेशुद्धी मोजायची एक साधी पद्धत त्यात मांडली. डोळे कशाने उघडतात, बोलणं कसं आहे, हातपाय कसे हलवतो, एवढंच बघायचं. हीच ती ग्लासगो कोमा स्केल, कॅज्युअल्टीत आपण जिला जीसीएस म्हणतो. तोवर एकाचा ‘ग्लानीत’ दुसऱ्याचा ‘अर्धवट शुद्धीत’ असायचा आणि फोनवर पेशंटची हालत सांगणं मुश्कील व्हायचं. पुढच्याच वर्षी जेनेट आणि बाँड यांनी पेशंट शेवटी कितपत बरा झाला हे मोजायची पट्टीही दिली. दोन टोकं मोजता आली, म्हणून मधल्या उपचारांची तुलना करता आली.

त्यानंतरचा काळ ‘आत नक्की काय होतं’ याचा. सीटीत मोठा रक्तस्राव नाही, कवटी शाबूत आहे, तरी पेशंट खोल कोमात, असं का? याचा धागा खूप मागे जातो. १९४३ मध्ये होलबर्नने जिलेटिनचे नमुने फिरवून दाखवलं होतं की डोकं गर्रकन वळलं की आतला मऊ भाग पिळवटतो. १९५६ मध्ये सबिना स्ट्रिच यांनी अशाच पेशंटांच्या मेंदूत पांढऱ्या भागातले तंतू सगळीकडे झिजलेले पाहिले. आणि १९८२ मध्ये जेनारेली यांच्या गटाने माकडांवरच्या प्रयोगात सिद्ध केलं की निव्वळ डोक्याच्या वेगवान वळण्याने, कुठेही आपटल्याशिवाय, तंतू तुटतात आणि कोमा येतो. ‘डिफ्यूज ॲक्सोनल इंज्युरी’, म्हणजे मेंदूभर तंतू तुटणं, डिस्चार्ज कार्डावर आली ती अशी.

मला विचाराल तर सगळ्यांत मोलाचा निबंध १९९३ चा, चेसनट आणि सहकाऱ्यांचा. अमेरिकेत गंभीर मार लागलेल्या ७१७ पेशंटांची नोंदवही त्यांनी तपासली. अपघातापासून पेशंटला सावरण्यापर्यंतच्या, म्हणजे रिससिटेशनच्या काळात वरचं बीपी एकदा जरी ९० च्या खाली गेलं, तरी मृत्यूचं प्रमाण सुमारे १५० टक्क्यांनी वाढलेलं होतं. एकदा जरी! अपघातात मेंदूला बसलेला मार आपल्या हातात नसतो. पण रस्त्यावर, ॲम्ब्युलन्समध्ये, रेफर करताना ऑक्सिजन आणि बीपी पडून जो दुसरा मार बसतो तो आपल्या हातात असतो. यासाठी न्यूरोसर्जन लागत नाही, सलाईन, ऑक्सिजन आणि पेशंटवरून नजर न हटवणारा माणूस लागतो.

आणि आता ‘करू नका’वाला अभ्यास. मेंदूला सूज म्हणून स्टिरॉइड देणं जगभर तीसेक वर्षं चालू होतं. छोटे छोटे अभ्यास झाले होते, कशातूनच काही ठरत नव्हतं. मग लंडनहून ‘क्रॅश’ नावाची चाचणी आखली गेली. २०,००० पेशंट घ्यायचं ठरलं होतं. १०,००८ वर २००४ मध्ये ती थांबवावी लागली, कारण स्टिरॉइड मिळालेल्यांत दोन आठवड्यांत २१.१ टक्के दगावले आणि न मिळालेल्यांत १७.९ टक्के. म्हणजे हजारामागे बत्तीस जास्तीचे मृत्यू, आणि तेही चांगल्या हेतूने दिलेल्या औषधाने. तीस वर्षांत जगभर असे किती गेले असतील याचा विचार करवत नाही.

तुमचे अनुभव, आक्षेप, सगळं लिहा.

सह्यगिरी

उत्तम लेख डॉक्टर. मी इंजिनिअर, आकडेवारीशी रोजचा संबंध. दोन शंका आहेत.

पहिली, ‘जास्त उद्धृत’ म्हणजे ‘जास्त परिणामकारक’ असं धरता येत नाही ना? मोजपट्टी देणारा निबंध पुढचा प्रत्येक जण उद्धृत करणारच, कारण ती पट्टी वापरल्याशिवाय त्याचं पान हलत नाही. उलट ‘अमुक औषध चालत नाही’ हे एकदा ठरलं की त्या औषधावर पुढे कोण लिहिणार? यशस्वी नकार हा उद्धृतांच्या हिशेबात मागेच पडणार.

दुसरी शंका जास्त गंभीर. डोक्याला मार हा एकच आजार आहे का? एकाला कवटीखाली गुठळी, दुसऱ्याचे तंतू तुटलेले, तिसऱ्याला नुसती सूज. सगळ्यांना एका टोपलीत घालून एकच औषध दिलं तर सरासरी शून्यच येणार. मग औषध निकामी की टोपली चुकीची?

अतिदक्ष

सह्यगिरी, पहिल्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत.

दुसरा वाद या शाखेत खरोखरच चालू आहे. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं उदाहरण घ्या. उंदरांमध्ये सुंदर निकाल, डोनाल्ड स्टाइन यांची अनेक वर्षांची मेहनत, मग शंभर-दीडशे माणसांवरच्या दोन चाचण्यांतही आशा दिसली. पण २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, एकीत ८८२ पेशंट, दुसरीत ११९५. दोन्हींत फायदा शून्य. अंग थंड करण्याचंही तेच: २००१, २०१५ आणि २०१८ मधल्या तीन मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही, २०१५ च्या युरोपातल्या चाचणीत तर नुकसानच दिसलं. त्यामुळे २०१० नंतर संशोधनाची दिशा वळली. ‘औषध शोधा’पेक्षा ‘आधी पेशंट नीट ओळखा’ असं सुरू झालं. युरोपातल्या सेंटर-टीबीआय प्रकल्पाने (टीबीआय म्हणजे माराने मेंदूला झालेली इजा) ४,५०० हून जास्त पेशंटांची बारीकसारीक माहिती गोळा केली, अमेरिकेत ट्रॅक-टीबीआय. आणि २०२५ मध्ये लॅन्सेट न्यूरोलॉजीत नवीन वर्गीकरण आलं. सौम्य, मध्यम, तीव्र या तीन टोपल्यांऐवजी चार गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या: तपासणीत काय दिसतं, रक्तातले घटक, सीटी किंवा एमआरआय, आणि पेशंटची आधीची परिस्थिती.

पण एक सांगतो. स्टिरॉइडच्या बाबतीत ‘टोपली चुकीची’ हा युक्तिवाद चालला नाही. क्रॅशमध्ये सौम्य-तीव्र, लवकर-उशिरा, सगळ्या गटांत कल एकाच बाजूला होता.

सिस्टर_वर्षा

डॉक्टर, जीसीएसचा विषय काढलात म्हणून लिहिते. मी ट्रॉमा वॉर्डात आहे. निबंध वाचला नाही, पण ही स्केल मी रोज दर तासाला करते.

नवीन मुली येतात त्या नुसता आकडा लिहितात, ‘जीसीएस ८’ (आकडा जितका कमी, तितकी बेशुद्धी खोल). मी त्यांना म्हणते, आठ म्हणजे काय गं? डोळे दोन, बोलणं दोन, हात चार? की डोळे एक, बोलणं एक, हात सहा? दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला बोलता येतच नाही, त्याच्यापुढे आम्ही व्ही-टी लिहितो, म्हणजे घशात ट्यूब आहे. सुजेने डोळे बंद झाले असतील तर तेही लिहायचं. आणि हात बघताना खांद्याचा स्नायू चिमटीत धरायचा, पेशंटचा हात गळ्याजवळच्या हाडाच्या (कॉलरबोनच्या) वर येऊन माझ्या हाताकडे आला तर पाच. कोपरात नुसता वाकला तर चार किंवा तीन. ते चार-तीन ओळखायला नजर लागते.

सगळ्यांत महत्त्वाचं, झोपेचं इंजेक्शन द्यायच्या आधी जीसीएस लिहा! रेफर होऊन येतात तेव्हा पेशंट ट्यूब टाकून गाढ झोपवलेला असतो आणि चिठ्ठीवर आधीचा आकडा नसतो. मग आम्ही काय समजायचं, मार आहे की औषध आहे?

अतिदक्ष

वर्षाताई, तुमचं म्हणणं मूळ निबंधाशी तंतोतंत जुळतं. टीसडेल-जेनेट यांनी तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा असंच सांगितलं होतं. बेरीज करायची सवय नंतर लागली. तुम्ही म्हणता तो हाताच्या चार आणि तीनमधला फरकही मूळ स्केलमध्ये नव्हता, तो पुढे वेगळा काढला आणि एकूण चौदाचे पंधरा झाले.

२०१८ मध्ये टीसडेल यांनीच सहकाऱ्यांबरोबर आणखी एक सोपी भर घातली. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांवर टॉर्च मारा. जितक्या बाहुल्या आकसत नाहीत तितके गुण जीसीएसमधून वजा करा. म्हणजे जीसीएस ४ आणि दोन्ही बाहुल्या स्थिर, तर २. पेशंट जगण्याचा अंदाज याने जास्त चांगला येतो, आणि खर्च फक्त टॉर्चचा.

आबासाहेब

सगळं वाचलं. फार माहितीपूर्ण. पण मंडळी, या यादीत हेल्मेट कुठे आहे?

ह्यू केर्न्स नावाचे न्यूरोसर्जन होते. १९३५ च्या मे महिन्यात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवस बेशुद्ध राहून गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत हे केर्न्स होते. पुढे त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये क्रॅश हेल्मेटच्या महत्त्वावर निबंध लिहिला. ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांसाठी कायदा यायला मात्र १९७३ उजाडलं.

पुढे अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला: हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. कोणत्या औषधाने एवढं दिलंय?

आपल्याकडे २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. त्यातले ५०,०२९ हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे, आणि यात मागे बसलेलेही आले. आमच्या भागात पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, मागे बसलेल्या बायकोच्या डोक्यावर पदर आणि मधे पोर उघडं. बघून पोटात तुटतं.

न्यू_जर्सीकर

आबासाहेब, नमस्कार. इकडे अमेरिकेत डोक्याचा मार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर इकडचा धडकाधडकीचा अमेरिकन फुटबॉल येतो. २००५ मध्ये बेनेट ओमालू यांनी माइक वेबस्टर या पिट्सबर्गच्या खेळाडूच्या मेंदूतल्या बदलांवर निबंध लिहिला आणि सगळं वारं फिरलं. २०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या गटाने एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या १११ माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई हा, डोक्याला वारंवार मार बसून मेंदू झिजत जाण्याचा आजार सापडल्याचं प्रसिद्ध केलं. माझा मुलगा इकडे सॉकर खेळतो, अंगावर काटाच आला. डॉक्टर, याबद्दल तुमचं काय मत आहे?

अतिदक्ष

न्यू जर्सीकर, विषय खरा आहे. बॉक्सरांचं ‘पंच ड्रंक’ होणं मार्टलँडने १९२८ मध्येच लिहिलं होतं. पण १११ पैकी ११० हा आकडा जपून वाचायला हवा. ते मेंदू दान केलेले होते. ज्यांच्यात लक्षणं दिसत होती त्यांचेच घरचे दानाला पुढे येण्याची शक्यता जास्त, आणि हे संशोधकांनी स्वतःच त्या निबंधात लिहिलंय. त्यावरून दर शंभरात किती खेळाडूंना होतो हे निघत नाही. मुलाच्या बाबतीत: अमेरिकेच्या सॉकर संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद केलं, ते पाळा. आणि डोक्याला टोला बसून गरगरलं, उलटी झाली, गोंधळल्यासारखं झालं, तर त्या दिवशी परत मैदानात नाही. प्रशिक्षक काहीही म्हणोत.

गेल्या वीस वर्षांत मान आणि पैसा या बाजूला खूप वळला, पुढच्या संशोधनासाठी तो हवाही होता. पण जगात वर्षाला अंदाजे ६.९ कोटी लोकांच्या मेंदूला मार लागतो, आणि त्याचा मोठा बोजा आपल्यासारख्या देशांतल्या रस्त्यांवर आहे. मोठे अभ्यास मात्र बहुतांशी श्रीमंत देशांतल्या पेशंटांवर झाले. म्हणूनच २०१२ ची बोलिव्हिया आणि इक्वाडोरची चाचणी मला फार जवळची वाटते. कवटीतला दाब मोजायची तार जिथे सहज मिळत नाही अशा आयसीयूंमध्ये ३२४ पेशंट घेतले. अर्ध्यांना दाब मोजून उपचार, अर्ध्यांना सीटी आणि तपासणीवरून. निकाल सारखाच. लोकांनी त्याचा अर्थ ‘दाबाकडे बघायची गरज नाही’ असा लावला, तो साफ चुकीचा. दाबावर उपचार दोन्ही गटांत झाले होते. नजर ठेवायची पद्धत तेवढी वेगळी होती. आमच्यासारख्यांना त्या अभ्यासाने बळ दिलं.

मुक्ता_पीटी

मी फिजिओथेरपिस्ट. डॉक्टर, तुमच्या सगळ्या अभ्यासांत ‘वाचला की गेला’ हाच प्रश्न दिसतो. वाचलेल्याचं पुढे काय? माझ्याकडे कवटीतला दाब कमी करायला कवटीचं हाड काढलेले पेशंट येतात. हाड पोटाच्या कातडीखाली ठेवलेलं असतं, डोक्याची ती बाजू आत बसलेली, घरचे आंघोळ घालताना तिथे हात लावायला घाबरतात. ऑपरेशन करून जीव वाचवला हे खरं, पण त्या घराला कोणी विचारलं होतं का की पुढचं आयुष्य असं असू शकतं?

अतिदक्ष

मुक्ताताई, याच प्रश्नाला भिडणारा अभ्यास म्हणजे २०१६ चा ‘रेस्क्यू-आयसीपी’. त्याआधी २०११ मध्ये ‘डेक्रा’ या चाचणीत १५५ पेशंट घेतले. दाब थोडा वाढताच लवकर हाड काढलं, तर निकाल उलट वाईट आले. रेस्क्यूमध्ये ४०८ पेशंट, आणि हाड काढणं हा अगदी शेवटचा उपाय म्हणून. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांत २६.९ टक्के गेलेले, औषधांवरच्यांत ४८.९ टक्के. म्हणजे शंभरात बावीस जास्त वाचले.

आता या बावीस जणांचं काय झालं ते बघा. साधारण सहा जण ज्याला व्हेजिटेटिव्ह म्हणतात त्या अवस्थेत, म्हणजे डोळे उघडतात पण भान नाही. आठ जण घरी, पण रोजच्या प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्यावर अवलंबून. उरलेले आठ निदान घरातल्या घरात स्वतःचं स्वतः करू शकणारे किंवा त्याहून बरे. ‘पूर्ण बरा’ या गटात वाढ दिसली नाही.

हे मी आता नातेवाइकांना कागदावर बावीस गोल काढून समजावतो. सहा काळे, आठ अर्धे, आठ रिकामे. परवा एका मुलाच्या वडिलांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि विचारलं, “ह्या आठात जायला आमच्या हातात काय हाय?” वय, बाहुल्या, पहिल्या काही तासांतलं बीपी, आणि पुढे मुक्ताताईंसारख्या लोकांचे कष्ट, एवढंच सांगू शकलो. त्यांनी ऑपरेशनला संमती दिली. दुसऱ्या एका घराने दिली नव्हती. दोन्ही निर्णय मला बरोबर वाटतात, कारण दोन्ही घरांनी आकडे समजून घेतले होते.

मुक्ता_पीटी

धन्यवाद डॉक्टर. असं सांगणारे कमी आहेत. पुनर्वसनावर माझ्या माहितीत लक्षात राहणारी एकच औषध-चाचणी आहे, २०१२ ची अमँटाडिनची. १८४ पेशंट, चार आठवडे औषध, शुद्धीत येण्याचा वेग वाढला. औषध थांबवल्यावर वेग पुन्हा मंदावला. या बाजूला अजून कितीतरी काम व्हायला हवं. व्हेंटिलेटर काढला की कॅमेरे बंद होतात आणि खरी लढाई तेव्हा सुरू होते.

सह्यगिरी

डॉक्टर, मग औषधाच्या खात्यात ‘हो’ म्हणणारं काहीच नाही का? रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडबद्दल वाचलं होतं.

अतिदक्ष

आहे, थोडंसं. २०१० च्या ‘क्रॅश-२’मध्ये रक्तस्राव होणाऱ्या अपघातग्रस्तांना ते दिलं, २०,२११ पेशंट, त्यात भारतातले खूप होते. मृत्यू कमी झाले. मग २०१९ ची ‘क्रॅश-३’ फक्त डोक्याच्या मारावर, १२,७३७ पेशंट. तीन तासांच्या आत दिलं तर डोक्याच्या माराने होणारे मृत्यू १९.८ वरून १८.५ टक्के, म्हणजे एकूणात फरक इतका लहान की ठामपणे बोलता येत नाही. सौम्य आणि मध्यम मारात मात्र फायदा स्पष्ट, अतितीव्र मारात नाही. औषध स्वस्त, सगळीकडे मिळणारं. माझं मत, लवकर द्यावं. पण यावर न्यूरोसर्जन मंडळींत अजून एकमत नाही हेही खरं.

गोदातीर

नमस्कार डॉक्टरसाहेब. मी शेतकरी माणूस, इंग्रजी निबंध कळत नाहीत, पण हा धागा सबंध वाचला. माझ्या धाकट्या भावाचा दोन वर्षांपूर्वी अपघात झाला. डोक्यात रक्त साकळलं होतं, ऑपरेशन न करता बरा झाला. तेव्हापासून फिटची गोळी चालू आहे. फिट एकदाही आलेली नाही. गोळीने त्याला सुस्ती येते, हिरड्या सुजल्यात, शेतावर येत नाही. ही गोळी जन्मभर घ्यायची का?

अतिदक्ष

दादा, तुमच्या प्रश्नावरही एक गाजलेला अभ्यास आहे. १९९० मध्ये टेमकिन यांच्या गटाने ४०४ पेशंटांना फिनिटॉइन हे फिटचं औषध किंवा नुसती साखरेची गोळी दिली. पहिल्या आठवड्यात फिट येण्याचं प्रमाण १४.२ वरून ३.६ टक्क्यांवर आलं. पहिल्या आठवड्यानंतर मात्र काहीच फरक नाही. म्हणून कधीच फिट न आलेल्याला निव्वळ खबरदारी म्हणून हे औषध साधारण आठवडाभर द्यावं, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हिरड्या सुजणं हा फिनिटॉइनचा नेहमीचा दुष्परिणाम आहे, त्यामुळे तुमची गोळी तीच असावी असं वाटतं.

पण दादा, स्वतःहून बंद करू नका. एकदम थांबवली तर त्यानेच फिट येऊ शकते. आणि भावाला दवाखान्यात असताना, तुम्ही बाहेर बसला होतात तेव्हा, फिट आली होती का हे डिस्चार्ज कार्डावर बघावं लागेल. आली असेल तर हिशेब वेगळा. न्यूरोच्या डॉक्टरांना ‘गोळी कशासाठी चालू आहे आणि हळूहळू कमी करता येईल का’ असं सरळ विचारा. जाताना पहिला सीटी, डिस्चार्ज कार्ड आणि सगळ्या चिठ्ठ्या न्या.

सिस्टर_वर्षा

गोदातीर दादा, डिस्चार्ज कार्डावर नसेल तर दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममधून केसपेपरची नक्कल मागा, अर्ज करावा लागतो. नर्सिंग नोट्समध्ये फिटची वेळ लिहिलेली असते, ती पानं मुद्दाम मागून घ्या.

गोदातीर

कार्ड सापडलं. त्यावर फिटचं काही लिहिलेलं दिसत नाही, गोळीचं नाव तुम्ही म्हणालात तेच आहे. ताई म्हणतात तसा उद्या अर्ज करतो आणि कागद मिळाले की भावाला घेऊन डॉक्टरांकडे जातो. तिथे काय ठरलं ते इथेच लिहीन.